मागची सीट

शहराच्या त्या भागात गाडी चालवणाऱ्यांपैकी निम्मे तरी मास्तरांच्या हाताखालून गेलेले होते. डॉक्टर, पाववाला, पोस्टातल्या दोघी बहिणी. एक आजोबा तर ऐंशीच्या घरात असताना शिकले आणि परवाना हातात पडल्यावर लहान मुलासारखे रडले. राहिली होती ती एकटी मास्तरांची बायको.

तसा प्रयत्न झाला होता. चार वर्षांपूर्वी एका रविवारी मास्तर तिला मोकळ्या मैदानावर घेऊन गेले. शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही क्लच आणि ब्रेक असतात. शिकणारा चुकला की मास्तरांनी आपल्या पायाने गाडी थांबवायची. त्या दिवशी मात्र ती चुकायच्या आधीच गाडी थांबत होती. सतरा वेळा थांबली. तिने मोजलं होतं. शेवटी मास्तर हसत म्हणाले, "राहू दे गं. तुला जायचंय तरी कुठे? मी आहे ना न्यायला-आणायला!"

वाईट मनाने नव्हते म्हणाले. म्हणून तर ते बोलणं आत रुतून बसलं. वाईट मनाने म्हटलेलं भांडून तरी बाहेर काढता येतं.

आता उन्हाळ्याची सुट्टी लागली होती आणि तीच गाडी तिच्या दादाच्या घराकडे निघाली होती. टपावरच्या 'शिकाऊ चालक' पाटीला मास्तरांनी उशीचा जुना अभ्रा घातला होता. मागे चिमणी, म्हणजे त्यांची अकरा वर्षांची लेक, उकडलेली अंडी आणि पाव मांडीवर घेऊन बसली होती. मास्तर दर दहा मैलांनी एखाद्या गाडीकडे बोट दाखवून म्हणायचे, "हा बघ, इशारा न देता वळला. नक्की त्या हॉर्नवालीचा विद्यार्थी."

हॉर्नवाली म्हणजे बाजारापलीकडे गाडी शिकवणाऱ्या बाई. विद्यार्थ्यांना त्या पहिल्या दिवशी हॉर्न वाजवायला शिकवतात, गाडी नंतर, असं मास्तर कौतुकाने नव्हे पण आवडीने सांगत.

मास्तरांच्या बायकोने पर्स छातीशी धरली आणि मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. पर्सच्या आतल्या कप्प्यात रोजच्या प्रार्थनेची छोटी वही होती. वहीत तीन महिन्यांपूर्वीचा परवाना होता, तिच्या नावाचा. आणि परवान्याभोवती गुंडाळलेलं एक पत्र होतं. अठरा वर्षं वॉर्डात नर्स म्हणून उभी राहिल्यावर रुग्णालयाने तिला नवं काम देऊ केलं होतं: आजूबाजूच्या खेड्यांत घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या लोकांना बघायचं. गाडी रुग्णालयाची, पण चालवायची स्वतः. उत्तर सोमवारपर्यंत. आणि आज गुरुवार.

आणि गाडी ती शिकली होती हॉर्नवालीकडे.

दादा सुतार होता. डोंगरातल्या राष्ट्रीय उद्यानाच्या वाटांवर ज्या लाकडी पाट्या दिसतात, तळं इकडे, कडा तिकडे, त्या सगळ्या त्याच्या पटाशीतून उतरलेल्या. संध्याकाळी तो आणि मास्तर अंगणात बसले, आणि स्वयंपाकघरात वाटाणे सोलता सोलता तिने सगळं वहिनीला सांगितलं.

वहिनीचे हात थांबले. "आणि मास्तरांना पत्ता नाही?"

"नाही."

"अगं बाई! आणि तुम्ही एका घरात राहता ना?"

"हसू नका हो वहिनी. कसं सांगू? सगळं गाव यांच्याकडे शिकतं आणि यांची बायको त्या बाईंकडे जाते. नाक कापल्यासारखं होईल त्यांना."

"मग नोकरी सोडून देणार?"

एक शेंग उघडून तिच्यातले दाणे तिने उगाचच एकेक करून काढले.

"सोडवत नाही," ती म्हणाली. "वॉर्डातून घरी गेलेली माणसं पुन्हा कधी दिसत नाहीत. पुढे त्यांचं काय झालं ते कळतच नाही. मला ते कळून घ्यायचंय."

"मग सांग ना!"

"सांगेन. डोंगर बघून झाला की."

"डोंगर बघून झाला की म्हणशील घरी पोचलो की," वहिनी म्हणाली आणि टोपलं स्वतःकडे ओढून घेतलं. "दे इकडे, तुझ्याने आज वाटाणे व्हायचे नाहीत."

शुक्रवारी तिघंच उद्यानात गेली. दादाला पाट्या पुऱ्या करायच्या होत्या. फाटकावरच्या पहारेकऱ्याने बजावलं, सात वाजता फाटक बंद, तळ्याकडे फोन लागत नाही, साडेसहाला आमची जीप मागे राहिलेल्यांना गोळा करत वर येते. मास्तर म्हणाले, आम्ही कसले मागे राहतोय!

वरचं तळं इतकं निळं होतं की चिमणीने आधी बोट बुडवून बघितलं. पलीकडच्या शिखरांवर भर उन्हाळ्यातही बर्फाच्या रेघा होत्या. चिमणीच्या आईने वही काढून दोन ओळी पुटपुटल्या. रोजचा नेम असा उघड्यावर, वाऱ्यात करायला तिला फार बरं वाटलं. तेवढ्यात मास्तर पाण्यातल्या दगडांवरून उड्या मारत पलीकडे निघाले.

"अहो, शेवाळ आहे!"

"शेवाळाला काय होतंय? तोल नजरेत असतो, पायात ना—"

पुढचं वाक्य पाण्यात गेलं.

उजवा घोटा बघता बघता सुजला. तिने बोटांनी चाचपला, हाड शाबूत होतं. चिमणीचा स्कार्फ गार पाण्यात भिजवून तिने घट्ट पट्टी बांधली आणि दोघींच्या खांद्यावर भार टाकत मास्तर कसेबसे गाडीपर्यंत आले. पाच वाजून गेले होते. माणसं पांगली होती.

"काही घाबरू नका," दात आवळून मास्तर म्हणाले. "जीप येईल साडेसहाला. दीड तास तर बसायचंय."

खरंच होतं. काही अडलं नव्हतं. दीड तास गप्प बसलं की जीप येणार, सोमवार येणार आणि जाणार. चिमणी ओठ मिटून आईकडे बघत होती. तिच्या पोटात हे गुपित चार महिने होतं आणि त्यासाठी तिने लाचही घेतली नव्हती.

"थांबायला नको," आई म्हणाली. "मी चालवते."

मास्तरांना हसू आलं, दुखत असूनही. "तू?"

तिने वहीतून परवाना काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी आधी फोटो बघितला, मग तारीख, मग पुन्हा फोटो.

"कोणी शिकवलं?"

"बाजारापलीकडच्या बाईंनी."

"हॉर्नवालीने?" त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "म्हणजे सगळ्या गावाला माहीत असणार. मी सोडून."

"कुणाला माहीत नाही. त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत कुठे. फक्त चिमणीला माहीत आहे."

"चिमणीला पण?"

"मी तिथे बसून गणितं करायचे बाबा," चिमणी म्हणाली. "त्यांच्याकडे छान मांजर आहे."

मास्तरांनी किल्ली खिशातून काढली. दिली नाही, गाडीच्या बॉनेटवर ठेवली. तिने उचलली.

ती चालवायला बसली, मास्तर शेजारी. पहिल्या उताराला तिने गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घेतली आणि वळण सुरू होतंय न होतंय तोच गाडीने गचका दिला. मास्तरांचा डावा पाय ब्रेकवर होता.

"सवय गं," ते ओशाळून म्हणाले.

दुसऱ्या वळणाला पुन्हा तेच. या वेळी इंजिन बंद पडलं. क्षणभर ती त्या मैदानावर होती, सतराव्या खेपेला. चुकलो आपण, तिला वाटलं. मग लक्षात आलं की आपण काहीच चुकलो नव्हतो. गाडी बरोबर वळत होती.

तिने रस्त्याच्या कडेला जागा बघितली, गाडी पुन्हा सुरू करून हळूच तिथे घेतली, हँडब्रेक ओढला.

"अहो, मागे बसा."

"मी?"

"हो. पाय लांब करता येईल."

"अगं, ही माझी गाडी आहे. सोळा वर्षांत मी मागे बसलेलो नाही."

"म्हणूनच म्हणते," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच हळू होता, पण किल्ली तिने काढून हातात धरली होती. "तुमचा पाय तिथे असेपर्यंत मला कळणारच नाही, मला येतं की नाही."

मास्तर दार उघडून, एका पायावर लंगडत, मागे गेले. चिमणी टुणकन पुढे आली. "मी काही दाबणार नाही हं आई. मांडी घालून बसते."

पुढची नऊ वळणं तिने एकटीने घेतली. गाडी गिअरवर उतरत होती. आरशात मास्तरांचं कपाळ दिसायचं, कधी एक डोळा. पुढच्या आसनाची पाठ त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती आणि प्रत्येक वळणाला त्यांचा डावा पाय रिकाम्या जमिनीवर दाबला जात होता. आवाज येत होता. ती ऐकत होती आणि चालवत होती.

कड्याला चिकटून एक आंधळं वळण आलं. तिने वेग कमी केला आणि हॉर्न दिला, एकदा, मग थांबून पुन्हा एकदा. वळण घेऊन पाहते तर खालून आलेली पर्यटकांची बस अरुंद जागी कडेला थांबून वाट देत उभी होती. बसवाल्याने हात वर केला. तिनेही केला. बसच्या अंगाला अंग न लावता गाडी पुढे सरकली.

बराच रस्ता गेल्यावर मागून आवाज आला. "हॉर्न बरोबर वेळेला दिलास."

"हं."

"मी दिला असता, पण जरा उशिरा." मग थोड्या वेळाने, "बाईंनी हे चांगलं शिकवलंय."

त्यांनी 'बाई' म्हटलं होतं. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. तसेच डोळे रस्त्यावर ठेवून तिने पत्राचं सांगितलं. खेडी, घरं, सोमवार, सगळं. आरशात न बघता सांगायला सोपं गेलं.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, मी नेईन तुला सगळीकडे."

मास्तरांनी पुढच्या आसनाची पाठ सोडली.

"म्हणालो असतो," ते म्हणाले. "अगदी हेच म्हणालो असतो." मग खिडकीकडे तोंड करून, "त्या बाजूचे रस्ते कच्चे आहेत. चिखलात चाक रुतलं की काय करायचं, शिकवलंय का तिकडे?"

"नाही. आमच्याकडे चिखल नव्हता."

"आमच्याकडे म्हणते!" मास्तर ओरडले, आणि चिमणी इतकी हसली की तिची मांडी सुटली.

सहाला पाच कमी असताना त्यांनी फाटक ओलांडलं. दादाच्या अंगणात तिने गाडी भिंतीला समांतर लावली. दादा पटाशी हातात घेऊन बाहेर आला, त्याने चालकाच्या दारातून उतरणारी बहीण बघितली, मग पुढच्या आसनावर चिमणी, आणि मग मागे पाय पसरून बसलेले मास्तर. "काय मास्तर, आज साहेबासारखे?"

"आधी मला उतरव, मग बोल," मास्तर म्हणाले.

वहिनीने गार पाण्याची बादली आणली. सुजलेला पाय तिच्यात सोडून मास्तर अंगणात बसले आणि दादाला ते वळण सांगू लागले. ज्यांना परवाना मिळाला अशा विद्यार्थ्यांबद्दल ते जसे हातवारे करून, आवाज चढवून सांगत, तसेच. "अरे, इथे कडा, इथे बस, मध्ये एवढीशी फट! आणि हिने ब्रेकला हात, आपलं, पाय सुद्धा जोरात मारला नाही..." नऊ वळणांची तोवर वीस झाली होती, आणि एका बसच्या दोन.

ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून ऐकत होती. तिने काही दुरुस्त केलं नाही. पत्रावरच्या आकड्यांवर बोट ठेवत तिने रुग्णालयाचा नंबर फिरवला.