खाली आणताना तीन

चार वर्षं ती आईला पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर ठेवत होती. चष्म्याच्या दुकानात काचा घासायला जाण्याआधी, मधल्या सुट्टीत धावतपळत घरी येऊन, आणि संध्याकाळी परतल्यावर. आई गेली आणि पाच महिन्यांत तिचे दंड असे उतरले, की कामाच्या कोटाच्या बाह्या लोंबायला लागल्या. त्याचं तिला वाईट वाटलं असंही नाही. कशाचंच वाटत नव्हतं. धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, काहीतरी कर गं," म्हणून ती दुकानासमोरच्या जिममध्ये गेली, इतकंच.

तिथल्या कोचबाई साठीला टेकलेल्या, पण खांदे असे की दारातून तिरकं यावं लागेल.

"काय हवंय?"

"दंड. होते तेवढे."

"होते म्हणजे? कशाने झाले होते?"

तिने सांगितलं. बातम्या वाचून दाखवाव्यात तसं.

"उचलताना जड जायचं, की ठेवताना?"

"ठेवताना. आपटून कसं चालेल?"

"मग तुला मी काय शिकवणार, डोंबल!" कोचबाईंनी तिच्या हातात डंबेल दिलं. "वर नेताना एक आकडा, खाली आणताना तीन. आणि शेवटच्या दोन-तीन खेपांना हातांनी नको म्हटलं पाहिजे."

पण आठवड्याभरातच तिने तिनाचे पाच केले, मग दहा. दहापर्यंत मोजताना डोक्यात दुसरं काही येत नसे. एवढ्या संथपणे मोठं डंबेल पेलेना, म्हणून तिने लहान घेतलं, मग त्याहून लहान. तासाचा दीड तास झाला. दीड महिन्याने कोचबाईंनी दंडाला टेप लावली. माप तसूभर हललं नव्हतं.

"कसं वाढेल?" कोचबाई म्हणाल्या. "तीनही चालतात, चारही चालतात, त्यात काही अडत नाही. पण दहा मोजायचे म्हणून तू खेळण्याएवढं वजन घेतेस. दंडाला कळतच नाही काम केलंय ते. तुला दंड हवेत, की वेळ घालवायचाय?"

तिने हातातलं लहान डंबेल खाली ठेवलं. मग म्हणाली, "वेळ."

"त्यासाठी इथे फी कशाला भरतेस? बाहेर बाकडं आहे, फुकट आहे."

ती हसली नाही. पण उठून मोठं डंबेल घेऊन आली. वर एक, खाली तीन. नवव्या खेपेला हात नको म्हणाले, दहाव्या खेपेला तोंडातून शिवी निघाली. चाळीस मिनिटांत सगळं संपलं. उरलेला वेळ ती खरोखरच त्या बाकड्यावर बसून राहिली.

तीन महिन्यांनी भाऊ आईचा पलंग न्यायला आला. लाकडी, अवजड धूड. तीन मजले उतरताना तो प्रत्येक वळणावर "थांब, थांब" म्हणत भिंतीला टेकायचा. ती आपलं टोक धरून उभीच.

"तुझे दंड बघ जरा," तो धापा टाकत म्हणाला.

तिने बघितले. भरले होते खरे. आनंद व्हायला हवा होता, झाला नाही. पलंग टेम्पोत चढला, टेम्पो गेला. रिकाम्या खोलीत तिने केर काढला. मग भूक लागली, तेव्हा उभ्यानेच कालचा भात खाल्ला. पातेलं रिकामं झालं तरी भूक भागली नव्हती, म्हणून तिने आणखी तांदूळ धुतले.