ओळंबा न लावलेली भिंत

थोरल्यानं उभारलेल्या भिंतीला धाकट्यानं ओळंबा लावायचा नाही, हा नियम दोघा भावांत कधी ठरला, ते आता त्यांनाही सांगता आलं नसतं. थोरला विटा रचायचा, धाकटा मागून गिलावा करायचा. भिंत परक्या गवंड्याची असली, की धाकटा आधी वरून ओळंबा सोडायचा, भिंत कुठे झुकलीय, कुठे पोट सुटलंय ते बघायचा आणि मगच वाळू-सिमेंटचा अंदाज सांगायचा. दादाची भिंत असली, की घराभोवती नुसती एक फेरी. "आमच्या दादाची भिंत म्हणजे बोटभर माल, त्यावर कण नाही," असं तो लोकांना सांगायचा, आणि बरीच वर्षं ते खरंही होतं.

नर्सबाईंच्या घराच्या भिंती दादाच्याच, म्हणून अंदाज त्यानं असाच दिला. बाईंनी त्या हिशोबानं वाळू आणि सिमेंटची पोती आणून टाकली. बोळाकडच्या भिंतीपासून काम सुरू झालं. छपराचा भार बाजूच्या भिंतींवर होता, ही नुसती आडोशाची. पण सगळ्यांत उंच, आणि तिच्या आतल्या अंगाला बाईंच्या आईची खाट.

गिलाव्याची जाडी ठरवायला भिंतीवर मालाचे टिपके द्यावे लागतात, वरचा आणि खालचा एका रेषेत. तेवढ्यापुरता दोर सोडावाच लागतो. त्याला दोघं ओळंबा लावणं म्हणत नसत. धाकट्यानं बांबूच्या परांचीवरून दोर सोडला आणि खाली उतरून बघितलं, तर दोर भिंतीपासून चार बोटं लांब लोंबत होता. वारा असेल म्हणून तो थांबला. वारा नव्हता. भिंत बोळाकडे कलली होती.

दोर गुंडाळून त्यानं आधी खिशात घातला. थोरला आत उंबऱ्याचं काम करत होता, त्याचा खोकला ऐकू येत होता. अलीकडे तो कप ठेवताना टेबलाची कड चाचपायचा. पुतणी चेष्टा करायची, की बाबा टेबलाचं माप घेतात. धाकटाही हसला होता.

आपलेच दात, आपलेच ओठ. तो भरायला लागला. खालच्या अंगाला एक जाड थर, तो सुकल्यावर दुसरा, मध्ये तारेची जाळी ठोकून. एवढा जाड माल एके दिवशी सोलून पडतो, हे त्याला माहीत होतं. आणि भिंत सरळ दिसली, म्हणून सरळ होत नाही, हेही.

वाळूनं मात्र चुगली केली. एकच भिंत अर्धी झाली होती आणि ढीग निम्म्यावर आला होता. बाई रात्रपाळी करून आल्या, त्यांनी ढिगाकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, की मिस्त्री, तुमचा अंदाज कधी चुकत नाही म्हणतात, मग वाळू जाते कुठे? धाकटा म्हणाला, वाळूत माती फार होती, चाळण्यात गेली. बाई आत गेल्या. त्यांना ते पटलं नव्हतं.

थोरल्यानं हे आतून ऐकलं. तो बाहेर आला, भिंतीशी गेला आणि खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे गिलाव्याची कड उघडी होती, तिथे बोटं लावली. एक, दोन, तीन. चौथं बोटही मालातच होतं.

"कधी कळलं?"

"परवा."

"आणि अंदाज घेताना?"

"तुझ्या भिंतीला मी कधी लावलाय का ओळंबा, दादा?"

थोरल्यानं बोटांवरचा माल चोळून काढला. "अंदाजाच्या वेळी लावला असतास, तर मी गुपचूप उतरवून परत रचली असती," तो म्हणाला. "मला दोरी नीट दिसत नाही, छोट्या. एकाच्या दोन दिसतात. वाटायचं, तू सांगशील." मग आवाज आणखी खाली आणून म्हणाला, "आता भरलीच आहेस, तर पुरी कर. झाकली मूठ. या घरानंतर मी थापी ठेवतो."

धाकट्याची मुलं लग्नाच्या वयाची झाली होती, तरी छोट्या म्हणून हाक आली की त्याचे हात आपोआप कामाला लागत. त्यानं थापी उचलली, घमेल्यात बुडवली. आतून खाटेवरची म्हातारी लेकीला पाणी मागत होती, आणि तिचा आवाज भिंतीतून असा येत होता, जणू ती विटेपलीकडेच पडली आहे.

तो आत गेला आणि बाईंना सांगितलं. भिंत उतरवावी लागेल, आईंची खाट आधी हलवा, वाळूत माती नव्हती, मी खोटं बोललो. भिंत कोणाची, ते त्यानं सांगितलं नाही. बाईंना ते ठाऊकच होतं.

बाईंनी आरडाओरडा केला नाही. आईची खाट पुढच्या खोलीत ओढताना त्यांनी एवढंच विचारलं, "आणि बाकीच्या भिंती?"

म्हणून त्या दुपारी धाकट्यानं दादाच्या भिंतींना, दादाच्या देखत, पहिल्यांदा ओळंबा लावला. देखत म्हणजे थोरला अंगणात वाळूच्या ढिगाऱ्यावर भिंतींकडे पाठ करून बसला होता. धाकटा एकेका भिंतीवरून खाली उतरायचा आणि मोठ्यानं सांगायचा. पुढची, बरोबर आहे. जिन्याची, बरोबर आहे. थोरल्याची मान हलत नव्हती. बाई दारात हाताची घडी घालून उभ्या होत्या.

स्वयंपाकघराची भिंत शेवटची. छपराची एक बाजू तिच्यावरच टेकली होती. दोर खाली सोडून धाकट्यानं हातानं थोपवला, स्थिर केला, वाकून बघितलं. पुन्हा बघितलं.

"सांग," पाठमोरा थोरला म्हणाला.

धाकट्यानं दोर आणि विटेच्या मधे बोटं लावून पुन्हा एकदा मोजलं, आणि किती बोटं कललीय ते मोठ्यानं सांगितलं.