नाव जादूचे, पाणी नळाचे

मित्रांनो, हसायचे असेल तर आधीच हसून घ्या, म्हणजे पुढचे नीट ऐकता येईल. मी एक जुनी पत्र्याची बादली आहे. इंग्लंडच्या उत्तरेला, लँकशायरमधल्या क्लेगवर्थ नावाच्या गावात, तिथल्या फुटबॉल क्लबने मला काचेच्या कपाटात बसवले आहे. माझ्यात एक पिवळा पडलेला स्पंज आहे आणि खाली पाटी आहे : 'जादूची बादली. हिच्या पाण्याने सगळे बरे होत असे.' शनिवारी सामना बघायला माणसे येतात, पाटी वाचतात, पोट धरून हसतात आणि पुढे जातात. त्या हसण्याने माझे अंग पेटून उठते. का, ते आज सांगूनच टाकते.

मी जन्मले ती बादल्या आणि घमेली बनवणाऱ्या एका कारखान्यात. पत्रा कापला, वाकवला, ठोकला आणि उकळत्या जस्तात बुडवून काढला, की झाली बादली तयार. माझ्या बहिणी कुणी गोठ्यात गेल्या, कुणी फरशी पुसायला गेल्या. मी मात्र अल्बर्ट फेअरक्लफच्या हाती पडले. अल्बर्ट क्लबचा ट्रेनर होता. तरुणपणी तो स्वतः बचावफळीत खेळला होता, आणि ट्रेनर व्हायला तेवढी लायकी पुरत असे. वैद्यकीचा त्याला वाराही लागलेला नव्हता. सामन्याआधी तो मला नळाखाली धरायचा, स्पंज टाकायचा आणि मैदानाच्या कडेला घेऊन बसायचा. कुणी खेळाडू पडला की पंच हात करायचे, आणि अल्बर्ट मला घेऊन धावत सुटायचा. माझे निम्मे पाणी वाटेतच सांडायचे. घोटा मुरगळला, लाव स्पंज. नाक फुटले, लाव स्पंज. पोटात लाथ बसली, तरी तेच.

लोकांना वाटे, काय ही जादू! पडलेला गडी लगेच उठतो. अहो, उठेल नाही तर काय करेल? जानेवारीतले ते गारढोण पाणी चड्डीत पिळल्यावर मेलेला माणूसही उठून बसला असता. पण कौतुक झाले की कुणाला नको असते? मलाही ते गोड वाटायचे.

मग एका वर्षी नॉर्मन एंटविसल आला. एकोणीस वर्षांचा, सूतगिरणीतून थेट मैदानात. क्लेगवर्थ टाऊन हा खालच्या विभागातला संघ, तिथे मोठे खेळाडू कशाला येतात? पण नॉर्मन आमचा सेंटर फॉरवर्ड, म्हणजे गोल मारणारा मुख्य गडी झाला आणि गाव शनिवारची वाट बघू लागले. पायाने तो चेंडू दहादा हुकवायचा, डोक्याने मात्र क्वचितच. कोपऱ्यातून चेंडू उंच आला की हा सगळ्यांच्या वर दिसायचा.

तेव्हाचा चेंडू चामड्याचा होता, मित्रांनो. पावसात पाणी पिऊन तो विटेसारखा जड व्हायचा, आणि क्लेगवर्थमध्ये कोरडा शनिवार म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. त्यावर नाडीची शिवण असायची. ती कपाळाला लागली की कातडी सोलून निघायची. एवढे कमी होते म्हणून की काय, प्रेक्षकांच्या गॅलरीखालच्या तुळईला एक ओला चेंडू दोरीने टांगलेला होता, आणि सोमवारपासून शुक्रवारपर्यंत नॉर्मन त्याला डोक्याने टोले देत राहायचा. धप्, धप्, धप्. माझ्या पत्र्याला तो आवाज सहन व्हायचा नाही. मग कवटीचे काय होत असेल?

क्लबचे अध्यक्ष शोरॉक्स हे गावातले बडे खाटीक. ते खेळाडूंच्या खोलीत येऊन नॉर्मनच्या टाळक्यावर थापा मारत म्हणायचे, "हे डोकं म्हणजे माझ्या दुकानातला ओंडका आहे बघा. कितीही घाव घाला, बिघडत नाही."

"फक्त आत भुसा निघू नये म्हणजे झालं," नॉर्मन म्हणायचा, आणि सगळे हसायचे.

पण सामना संपल्यावर तो दिवा मालवायला सांगायचा आणि गुडघ्यांत डोके घालून बसायचा. त्याची बायको मॉरीन बाहेर दारात उभी असायची.

"आज पुन्हा उलटी झाली का हो त्याला?" ती अल्बर्टला विचारायची.

"चिप्स बाधले असतील, पोरी," अल्बर्ट सांगायचा. त्याचाही त्यावर विश्वास होता असे मला वाटत नाही.

आता त्या दिवसाचे सांगते. लहानमोठ्या सगळ्या संघांच्या कप स्पर्धेत आमच्याशी लंडनच्या एका बड्या संघाची गाठ पडली. सारे क्लेगवर्थ लोटले होते. एक गोष्ट लक्षात घ्या. त्या काळी बदली खेळाडू नावाचा प्रकारच नव्हता. अकरा उतरले की अकरांनीच निभवायचे, एक बाहेर गेला तर उरले दहा. म्हणून एक रीत पडली होती : जखमी गड्याला मैदानाबाहेर न्यायचेच नाही, कडेच्या एका कोपऱ्यात उभे करायचे. तो लंगडो, कण्हो, काही करो, पण दिसायला अकरा हवेत.

अर्धा खेळ व्हायच्या आतच नॉर्मन आणि त्यांचा बचावपटू एकाच चेंडूसाठी उडाले आणि डोक्यावर डोके आदळले. लाकूड फुटल्यासारखा आवाज झाला. नॉर्मन चिखलात पालथा पडला आणि हललाच नाही. अल्बर्ट मला घेऊन धावला.

"नॉर्मन, पोरा, ऐकू येतंय का?"

"येतंय."

"आपण कुठं आहोत सांग बघू."

नॉर्मनने बराच वेळ विचार केला. मग म्हणाला, "गिरणीचा भोंगा झाला का?"

अल्बर्टचा चेहरा उतरला. मॅनेजर डकवर्थ कडेपर्यंत आले होते. अल्बर्ट त्यांना ओरडून म्हणाला, "साहेब, याचं काही खरं दिसत नाही. मी याला आत नेतो."

"आत नेऊन काय दिवे लावणार आहेस? दहा जणांनी इथं काय माशा मारायच्या?"

"त्याला आपण कुठं आहोत तेच कळत नाहीये."

"त्याला कळलं नाही तरी लंडनवाल्यांना कळतंय ना तो आहे ते? मग झालं तर. डाव्या कोपऱ्यात उभा कर. निदान त्यांचा एक माणूस तरी त्याच्यामागं अडकेल."

अल्बर्टने क्षणभर माझ्याकडे पाहिले. मग त्याने स्पंज बाजूला फेकला आणि मला उचलून नॉर्मनच्या डोक्यावर पूर्ण उपडी केली. नॉर्मन उठून उभा राहिला. वीस हजार माणसांनी टाळ्या वाजवल्या. मित्रांनो, त्या टाळ्या माझ्यासाठी होत्या, आणि आजतागायत मला त्यांची शिसारी येते.

उरलेला सगळा वेळ नॉर्मन चुकलेल्या वासरासारखा कोपऱ्यात फिरत राहिला. लंडनवाल्यांनी सुरुवातीला त्याच्यावर माणूस ठेवला होता, मग त्यांनी त्याचा नाद सोडला. शेवटाला उजवीकडून चेंडू उंच आला. नॉर्मन कुठून कसा गोलसमोर पोहोचला, देव जाणे. उडी मारली आणि त्याच फुटलेल्या कपाळाने त्याने चेंडू जाळ्यात घातला. आम्ही जिंकलो. अनोळखी माणसे एकमेकांच्या गळ्यात पडून रडली.

नंतर खेळाडूंच्या खोलीत बिअर वाहत होती. नॉर्मन माझ्या शेजारी येऊन बसला.

"अल्बर्ट, आज सामना कुणाशी आहे?"

"झाला की रे पोरा. जिंकलो आपण. गोल तूच मारलास."

"मी?"

"तू."

"मला काहीच आठवत नाही हो."

अल्बर्टने इकडेतिकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. "हे कुणाला बोलू नकोस. सगळं गाव आनंदात आहे, त्यावर विरजण कशाला? लोक सांगतील ते ऐकायचं आणि मान डोलवायची."

आणि त्या भल्या माणसाने जन्मभर मान डोलवली. न्हाव्याने दाढी करता करता त्याला तो गोल सांगितला, पाद्र्याने सांगितला, जे तेव्हा जन्मलेही नव्हते त्यांनीसुद्धा हातवारे करून सांगितला. अख्ख्या गावाला तो गोल पाठ, आणि ज्याने मारला त्याच्याकडे तेवढाच नाही! याला काय न्याय म्हणायचे?

पुढे काही हंगाम तो खेळला. उडी कमी पडू लागली, तसे त्याला आणखी खालच्या एका संघाला विकले, तिथून आणखी एका. बाजारात बैलाचे दात बघतात, इथे तेही कुणी पाहिले नाहीत. नॉर्मन परत आला आणि बसमध्ये कंडक्टर झाला. अल्बर्टही निवृत्त झाला आणि मला घरी घेऊन गेला. माझ्यात कोळसा भरला, मग कोंबड्यांचे पाणी ठेवले, मग मी परसातल्या खोपटात गंजत पडले. त्याचे मला दुःख नव्हते. कोंबड्यांनी कधी मला जादूची म्हटले नाही.

नॉर्मन अधूनमधून खोपटात अल्बर्टशी गप्पा मारायला यायचा. हळूहळू तो तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागला. पुढे दोन गल्ल्या पलीकडचे स्वतःचे घर त्याला सापडेनासे झाले आणि मॉरीन त्याला न्यायला येऊ लागली.

"डॉक्टर म्हणतात, वयामुळं होतं," ती एकदा अल्बर्टला म्हणाली. "साठीसुद्धा उलटली नाही त्याची. हे कसलं वय, अल्बर्ट?"

अल्बर्टने मला पायाने कोपऱ्यात सरकवले. त्यानंतर फार दिवस तो जगला नाही, आणि त्याच्या भाचीने मला क्लबला देऊन टाकले.

क्लबचे शंभरावे वर्ष आले. आता अध्यक्ष होता त्या खाटकाचा मुलगा, डेरेक शोरॉक्स. त्याने मॉरीनला बोलावून घेतले आणि माझ्या कपाटासमोरच बोलणे काढले.

"सामन्याआधी नॉर्मनला मैदानात आणू. मी एक चेंडू उडवीन, त्यानं नुसतं डोकं लावायचं. तो गोल लोकांना पुन्हा बघायला मिळेल."

"नाही," मॉरीन म्हणाली. "चेंडू त्याच्या डोक्याला लागता कामा नये. यापुढं कधीच नाही."

"अहो, एकदाच."

"एकदाही नाही. त्याला लोकांचा आवाज आवडतो, म्हणून आणते मी. तो येईल, हात हलवेल आणि आम्ही घरी जाऊ. कबूल असेल तर सांग."

"कबूल, अगदी कबूल," डेरेक म्हणाला. मला त्याचे 'अगदी' तेव्हाच खटकले होते.

त्या शनिवारी मलाही कपाटातून काढून गवतावर मांडले. नॉर्मन मॉरीनचा हात धरून आला. लोकांचा गजर झाला आणि त्याचा चेहरा असा फुलला की माझा राग क्षणभर विरघळला. त्याने हात हलवला. मॉरीन त्याला वळवणार, तेवढ्यात डेरेक मायक्रोफोन घेऊन पुढे झाला.

"नॉर्मन, क्लेगवर्थसाठी आणखी एकदाच," तो म्हणाला, आणि दुसऱ्या हाताने त्याने चेंडू उडवला.

नॉर्मन बायकोचे नाव विसरला होता, घर विसरला होता. पण मान काही विसरली नव्हती. गुडघे वाकले, मान मागे गेली. मॉरीनने मध्ये हात घातला. चेंडू तिच्या मनगटावर बसला आणि माझ्या अंगावरून घरंगळत गेला. लोकांना हा खेळाचाच भाग वाटला. ते खदाखदा हसले.

"रागावू नका, मॉरीन, गंमत होती," डेरेक म्हणाला. "आजकाल चेंडू किती हलका असतो."

"चेंडू हलका झाला असेल, डेरेक. डोकं तेच आहे."

मायक्रोफोन दोघांच्या मध्ये चालूच होता. तिचा शब्द न् शब्द साऱ्या मैदानाला ऐकू गेला. हे तिच्याही ध्यानात आले, पण ती थांबली नाही.

"तो गोल त्याला कधीच आठवला नाही. त्या दिवशी संध्याकाळीसुद्धा नाही. तुमचं मन मोडू नये म्हणून तो इतकी वर्षं मान डोलवत राहिला. आता पुरे करा."

कुणी हसले नाही. कुणी टाळीही वाजवली नाही. नॉर्मन लोकांकडे बघत राहिला, मग घाबरून तिच्याकडे वळला.

"माझं काही चुकलं का ग?"

"नाही रे. तुझं काहीच चुकलं नाही. चल, घरी जाऊ."

सामना थोडा उशिरा सुरू झाला. मला पुन्हा कपाटात ठेवले. पाटी बदलायला हवी, असे कुणीतरी डेरेकला सुचवले, तेव्हा तो 'बघू' म्हणाला. अजून बघतोच आहे. पाटी तीच आहे, आणि लोक पुन्हा हसू लागले आहेत.

म्हणून मित्रांनो, तुम्हाला सांगते. मी बादली आहे, माझ्यात नळाचे पाणी होते. तुमच्या मैदानावर कुणी डोक्यावर आपटला, तर तो उठून उभा राहिला एवढ्यावर जाऊ नका. तो "मी बरा आहे" म्हणाला तरी ऐकू नका, कारण त्याला तुमचा हिरमोड करायचा नसतो. त्याला सावलीत बसवा, डॉक्टरकडे न्या, आणि त्या दिवशी त्याला पुन्हा खेळायला बोलावू नका. संघ अपुरा पडेल म्हणता? पडू दे. खेळ दहा जणांतही होतो.