चौतिसावं मिनिट

कानसेनांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला, कागदावर पेन्सिलीने एक आडवी रेघ ओढली आणि मान हलवली. होकाराची की नकाराची, हे दारात उभ्या असलेल्या सुनेला कळेना. गेला तासभर ती घरात पाय न वाजवता वावरत होती. भांडीसुद्धा तिने हलक्या हाताने, एकेक करून ठेवली होती.

"सांगा बाबा."

"वर अजून झाकोळ आहे."

"अजून?"

"मागच्या वेळेपेक्षा कमी. पण आहे. काचेवर धूळ बसावी तसा."

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेतीन वाजत आले होते. सहापर्यंत पाठवायचं होतं.

बाहेरच्या खोलीत कानसेनांचा मुलगा वर्तमानपत्रातलं शब्दकोडं घेऊन लोळत पडला होता. तिथूनच तो म्हणाला, "मला विचाराल तर काल ते ऐकून माझ्या दाढेत कळ आली. दात बायकोच्याच लॅबमध्ये दाखवावे लागणार."

"तू गप्प बस रे," कानसेन म्हणाले. "तुला बासरी आणि कुकरची शिट्टी सारखीच."

"मुळीच नाही. शिट्टी तीनदा झाली की जेवायला मिळतं."

यावर एरवी सून हसली असती. आज ती खुर्ची ओढून कॉम्प्युटरपुढे बसली आणि दोन्ही तळव्यांनी डोळे दाबून धरले.

रेडिओत पस्तीस वर्षं ध्वनिमुद्रण केलेल्या या माणसाला तिथले लोक कानसेन म्हणत. गाणाऱ्याच्या अंगठीचा पेटीला झालेला स्पर्श त्यांना शेजारच्या खोलीतून कळे, अशी ख्याती होती. निवृत्त झाल्यावर नाव त्यांच्या मागोमाग घरी आलं. मुलाला गाण्याचं अंग नव्हतं. घरात कानाची कदर करणारं कुणी असेल तर ती ही सून.

ती दातांच्या लॅबमध्ये काम करायची. साच्यातून दात काढायचा, फिरत्या चाकावर घासायचा, केसभर कमी, अर्धा केस जास्त, असं दिवसाला दहा-बारा. चाळिशी ओलांडल्यावर तिने डीजेची एक छोटी पेटी विकत घेतली आणि मागच्या खोलीत शनिवार-रविवार प्रोग्रेसिव्ह हाऊस, म्हणजे हळूहळू चढत जाणारं ठेक्याचं संगीत, वाजवायला लागली. पहिल्यांदा तिने ते सासऱ्यांना ऐकवलं तेव्हा बराच वेळ वाट पाहून त्यांनी विचारलं होतं, "अगं, गाणं सुरू कधी होतं?"

"बाबा, सतरा मिनिटं झाली सुरू होऊन."

दोघंही खूप हसले होते. मग मात्र त्यांनी मन लावून ऐकलं. रेडिओत त्यांनी जन्मभर दोन कार्यक्रमांच्या मध्ये सेकंदभराची स्वच्छ शांतता राखली होती. इथे सून नेमकी तीच पुसत होती. एक गाणं जात असतानाच दुसरं येत होतं, आणि कोण कधी आलं नि कोण कधी गेलं याचा पत्ता लागत नव्हता. घाई कसलीच नाही. जिना चढतोय हे वर पोचल्यावर कळावं, असं सगळं. त्यांना ते आवडलं होतं. फक्त वरचे सूर, त्या बारीक झांजा, कुठेतरी कांबळ्याखाली गेल्यासारख्या वाटल्या होत्या. तसं त्यांनी सांगितलं.

तीन आठवड्यांपूर्वीची ही गोष्ट. नदीकाठच्या एका कॅफेत महिन्यातून एका रविवारी दुपारी नवख्या डीजेला तासभर वाजवायला देत. गेल्या वर्षी तिने असं गाण्यात गाणं मिसळलेलं तासाभराचं मिक्स पाठवलं होतं, त्याचं साधं उत्तरही आलं नव्हतं. "यंदा नाही जमलं तर पेटी देऊन टाकीन कुणाला तरी," ती म्हणाली होती, आणि ती बोललेलं करणाऱ्यांतली होती. म्हणून तर दर रविवारी सासऱ्यांपुढे परीक्षा. ते झाकोळ म्हणायचे, ती झांजा वर उचलायची. पुढच्या रविवारी पुन्हा झाकोळ. आजचा रविवार शेवटचा, सहाला मुदत संपत होती.

"आणखी वर घेते," ती आता म्हणाली, "पण जागाच कुठे उरलीय?"

"म्हणजे?"

"हे बघा ना."

त्यांनी चष्मा चढवून पडद्याकडे पाहिलं. काळ्या पार्श्वभूमीवर हिरव्या काठ्यांची ओळ नाचत होती.

"डावीकडे बेस, खालचे सूर. मध्ये बाकीचं. आणि या टोकाच्या सगळ्या तुमच्या झांजा."

उजव्या टोकाच्या काठ्या छताला डोकं आपटत होत्या. दर ठोक्याला लाल होत होत्या. स्पीकर चालू होता, आवाज चांगला मोठा होता. कानसेन त्या लाल काठ्यांकडे बघत राहिले. ठोका ऐकू येत होता. त्या ठोक्यावर नाचणारं लाल काही ऐकू येत नव्हतं. भिंतीपलीकडे कुणी कागद चुरगाळावा एवढंही नाही.

बाहेरून मुलगा ओरडला, "अरे, दार तरी लावा!"

सुनेने आवाज बंद केला. तिच्या कपाळावरच्या आठ्या थोड्या उशिराने उतरल्या, हे त्यांनी पाहिलं.

"मला तर हे टोचतं, बाबा. खरं सांगू? पहिल्या दिवसापासून टोचतंय. पण तुम्ही म्हणाला होतात ना, दिवसभर त्या चाकाशेजारी बसून माझे कान बिघडले असतील. मी विचार केला, बरोबर आहे. मंगळवारी कानाच्या डॉक्टरांकडे नंबर लावलाय. एकदा कळलेलं बरं."

"नंबर लावलास?"

"हो. अर्धा दिवस रजा टाकलीय."

कानसेनांनी हेडफोनची वायर गुंडाळायला घेतली, अर्धी गुंडाळली, परत सोडली. मग "आलोच" म्हणून ते आपल्या खोलीत गेले.

कपाटाच्या खालच्या खणात, जुन्या पासबुकांच्या तळाशी तो कागद होता. सहा महिन्यांपूर्वीचा. घरात त्यांनी सांगितलं होतं की कानातला मळ काढायला जातोय. डॉक्टरीणबाईंनी काचेच्या पेटीत बसवलं, कानावर डबे चढवले आणि म्हणाल्या, आवाज आला की बटण दाबा. त्यांनी बटण हातात धरून वाट पाहिली होती. बरीच वाट पाहिली होती. कागदावरची रेघ डावीकडून निम्म्यापर्यंत सरळ चालत आली होती आणि तिथून, टेकडीवरून पाय घसरावा तशी, खाली गेली होती. वयाने होतं असं, यंत्र लावलंत तर फरक पडेल, असं बाई म्हणाल्या. त्यांनी कागदाची घडी केली. झाकली मूठ सव्वा लाखाची. घरात नाव कानसेन, आणि कानात यंत्र? आणि तसं पाहिलं तर बोललेलं सगळं ऐकू येत होतं. काही अडत नव्हतं कुणाचं.

ते पलंगावर बसले. ही रेघ त्यांना ठाऊक नव्हती असं नाही. पण सून कौतुकाने हेडफोन पुढे करायची तेव्हा वाटायचं, असेल, खरंच झाकोळ असेल. तो तिच्या मिक्समध्ये आहे की आपल्यात, हा प्रश्न त्यांनी एकदा मनाशी काढला होता आणि त्याच क्षणी तिच्या कानांवर ढकलून मोकळे झाले होते. चाकाचा आवाज किती वाईट, हे तिला चांगलं दहा मिनिटं समजावून सांगितलं होतं.

गुडघ्यावर हात टेकून ते उठले. मागच्या खोलीपर्यंतची दहा-बारा पावलं त्यांना फार लांब वाटली.

"मंगळवारचं रद्द कर," ते म्हणाले.

"का?"

"तुझे कान चांगले आहेत."

"ते तुम्ही कसं सांगणार?"

त्यांनी कागद तिच्यापुढे ठेवला. तिने तो उलगडला, रेघ पाहिली, वरचं नाव पाहिलं, तारीख पाहिली. दात जुळतोय का हे उजेडात धरून बघायची तिची सवय होती. कागद तिने उजेडाकडे धरला आणि पुन्हा रेघेच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत बोट नेलं.

"तुम्ही मळ काढायला गेला होतात."

"मळ नव्हताच."

तिने कागदाची होती तशीच घडी घातली.

"तीन आठवडे, बाबा." तिचा आवाज चढलाही नाही. "लॅबमध्ये मी चाक बंद करून बसायचे मधेमधे. कानांना विसावा म्हणून. साहेबांनी दोनदा टोकलं. बरोबरच्या मुली हसायला लागल्या. आणि रोज रात्री हे ऐकताना वाटायचं, मला जे ऐकू येतंय ते खरं नाहीये."

"चुकलं माझं."

"नुसतं ऐकू येत नाही म्हणाला असतात तर काय झालं असतं?"

याचं उत्तर त्यांच्याकडे होतं, पण ते बोलून दाखवण्याजोगं नव्हतं. ते दाराला टेकून उभे राहिले. बसावं की जावं, कळेना.

"पहिलं ठेवलंयस ना?" शेवटी त्यांनी विचारलं. "मी बोलायच्या आधीचं?"

"आहे."

तिने ते शोधून लावलं. घड्याळात चार वाजून गेले होते. स्पीकरमधून ठोका सुरू झाला. कानसेनांना त्यात आणि मघाच्या मिक्समध्ये तसूभर फरक जाणवला नाही. त्यांनी मग ऐकणं सोडलं आणि सुनेच्या चेहऱ्याकडे पाहू लागले. खांदे खाली आले. मग जबडा सैल झाला. पाचव्या-सहाव्या मिनिटाला ती खुर्चीत मागे टेकली.

"आता कसं!" बाहेरून मुलगा म्हणाला. "हे केलंत ना छान? बघा, मला कळतं की नाही!"



तिने मधे कुठे थांबवलं नाही, पुढेही सरकवलं नाही. तासाचं मिक्स तासभरच ऐकायचं, हा तिचा नियम. कानसेनही स्टुलावर बसले. हाताला काही काम नव्हतं, म्हणून तळवा टेबलावर ठेवला. तीस मिनिटं झाली. बत्तीस. नवं गाणं खालून सरकत आत येऊ लागलं आणि त्यांच्या तळव्याखाली टेबल गढूळल्यासारखं थरथरलं. जुन्या गाण्याचा बेस अजून गेला नव्हता, नव्याचा येऊन बसला होता. गेल्या तीन रविवारी ते इतके वरच्या झांजा हुडकत होते की खाली काय चाललंय तिकडे त्यांचं लक्षच गेलं नव्हतं.

"एक बोलू?" ते म्हणाले. "नको असेल तर नाही बोलत."

"बोला."

"चौतिसावं मिनिट. दोन बेस एका खुर्चीत बसलेत. आधीचा उठल्याशिवाय दुसऱ्याला बसवू नये. तिथे गढूळ होतंय."

तिने पहिल्यांदाच नियम मोडला. बत्तिसाव्या मिनिटावर मागे जाऊन डोळे मिटून ऐकलं. पुन्हा मागे गेली. तिसऱ्या वेळी तिने त्यांच्यासारखाच हात टेबलावर ठेवला. कानसेन वाट पाहत होते. इथे ते शपथेवर सांगू शकले असते. कागदावरची रेघ डावीकडे, खालच्या सुरांच्या बाजूला, अगदी सरळ होती, काठीसारखी. इथे त्यांची चूक होणं शक्य नव्हतं.

तिने डोळे उघडले.

"ऐकू येतंय मला," ती म्हणाली. "दोन्ही आहेत."

"मग जुना काढ. एका मिनिटाचं काम."

"नको. राहू दे."

"अगं, पण ते..."

"मी पहिल्यांदा वाजवलं तेव्हा चुकून राहिलं होतं. मग काढून पाहिलं, तर सुनंसुनं वाटलं. म्हणून परत ठेवलं. तिथे थोडी गर्दी हवीय मला, बाबा."

त्यांच्या जिभेवर नाही म्हटलं तरी चार वाक्यं आली. पस्तीस वर्षांत त्यांनी अशी गर्दी कुणाला ठेवू दिली नव्हती. भले भले गवई त्यांच्यापुढे हात जोडून उभे राहिले होते. त्यांनी पेन्सिल उचलली, ३४ हा आकडा लिहिला, आणि सून बघत नाही असं पाहून त्यावर काट मारली.

"बरं," ते म्हणाले.

उरलेलं मिक्स दोघांनी ऐकलं. शेवटचा ठोका विरल्यावर तिने पत्ता लिहिला, फाईल जोडली, लिहिलेलं पुन्हा वाचलं. पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. बटणावर बोट ठेवून ती थांबली. दर रविवारी मिक्स संपलं की ती मान वळवून विचारायची, "बाबा, ठीक आहे ना?" कानसेनांनी उत्तर जुळवून ठेवलं होतं. फार कौतुकाचं नाही, खोटंही नाही, असं.

तिने मान वळवली नाही. बटण दाबलं.

मग हात खाली सोडून, दिवसभर उभं राहून काम केलेल्या माणसासारखी ती बसून राहिली. रागावली होती की नुसती दमली होती, हे तिच्या पाठीवरून सांगता येत नव्हतं. थोड्या वेळाने तिने मिक्स पुन्हा लावलं, या वेळी हळू आवाजात, चौतिसाव्या मिनिटापासून. कानसेन उठायच्या बेतात होते. ते परत बसले.