सुईवाले सर

रेणू एकमेकांचे हात कसे धरतात, हे शोधण्यात सरांचा जन्म गेला. ऐन उमेदीत त्यांनी एका द्रावणातून सुईच्या आकाराचे बारीक स्फटिक काढले होते. त्या सुयांनी त्यांना प्राध्यापकी दिली, मानसन्मान दिला आणि पोरांकडून ‘सुईवाले सर’ हे नावही मिळवून दिलं. मग एके दिवशी त्याच द्रावणातून जाड खडे आले, आणि त्यानंतर औषधालाही सुई दिसली नाही.

असं होतं. जास्त टिकाऊ रूप एकदा जन्माला आलं, की त्याचा नजरेला न दिसणारा कणही विरजणाचं काम करतो. तो कपड्यांत, केसांत बसतो आणि पुढच्या प्रत्येक द्रावणाचे खडेच करतो. हे सरांनीच वर्गात घसा कोरडा करून सांगितलेलं. पण सुया कुणालाच मिळेनात, तेव्हा त्या मुळात होत्या तरी का, अशी कुजबुज सुरू झाली. निवृत्तीच्या तोंडावर विद्यापीठाने चौकशी समिती नेमली. सुया दाखवा, नाहीतर शोध खोटा ठरवू.

शेवटी मुलीने मनावर घेतलं. तीही रसायनातलीच, दूरच्या शहरात तिची नवीकोरी प्रयोगशाळा होती. “पुराव्यासाठी सुयांचा एक्स-रे मी काढला तरी समितीला चालेल म्हणतात, यंत्राला नाती कळत नाहीत,” ती फोनवर म्हणाली. “पण बाबा, तुम्ही इकडे फिरकायचं नाही. तुमच्या घरातल्या पडद्यांतसुद्धा तो कण असेल.”

सरांनी कबूल केलं. काही आठवड्यांनी तिचा फोन आला. “बाबा, सुया आल्या! उद्या यंत्रावर चढवते.”

आता माणसाने घरी गप बसावं की नाही? सरांनी मिशी उतरवली, अंग लाल होईपर्यंत घासलं, दुकानात नवे कपडे घेऊन तिथेच बदलले आणि गाडी पकडली. एवढं शहाणपण कुठे गहाण टाकलं होतं, कोण जाणे.

सकाळी ते प्रयोगशाळेत पोचले तेव्हा मुलगी पाठमोरी हात धूत होती. काचेच्या बशीत सुया होत्या. खरंच होत्या. सर वाकून बघत राहिले, त्यांना रडू आलं, आणि डोळे पुसायला त्यांनी चष्मा काढला. चष्मा जुनाच होता.

“बाबा!” मुलगी किंचाळली.

बशीच्या कडेला पांढरा ठिपका उमटला आणि पसरत गेला. ती बशी घेऊन यंत्राकडे धावली, पण पोचेपर्यंत सगळ्या सुया दुधी होऊन मोडल्या होत्या.

तिने बशी खाली ठेवली. “आता इथेही कधी व्हायच्या नाहीत. एक दिवस धीर नाही धरवला?”

“मलाच खात्री राहिली नव्हती गं,” सर म्हणाले. “सगळे खोटं म्हणतात. मला वाटायला लागलं, खरंच खोटं असेल.”

“मी पाहिल्यात ना! मी सांगेन समितीला.”

“पुरावा काय देशील? बापासाठी खोटं बोलली म्हणतील. तुझंही नाव जाईल.”

दुपारी समितीचा फोन आला. सुया मिळाल्या का, एवढंच त्यांना हवं होतं. मुलीने समोर बसलेल्या बापाकडे पाहिलं. सरांनी हात जोडले आणि नकारार्थी मान हलवली.

“नाही,” ती म्हणाली. “खडेच आले.”