बुधवारच्या दुपारी न थांबलेला सूर

मित्रांनो, मी एक जुना ऑर्गन आहे. मांडीपुढे घेऊन वाजवायच्या पेटीसारखा नव्हे. मी भिंतीला टेकून उभा असतो, कपड्यांच्या मोठ्या कपाटाएवढा, आणि माझ्या पोटात दोनशे सोळा नळ्या आहेत. आधीच सांगून टाकतो, स्वस्थ बसणं माझ्या स्वभावात नाही. खालचा पंखा सुरू झाला की माझ्या भात्यात वारा भरतो, आणि पोटात भरलेला वारा कधी कुणाला स्वस्थ बसू देतो का? पट्टीवर बोट पडलं, की त्या स्वराची झडप उघडते, वारा नळीत शिरतो आणि मी गातो. बोट उचललं, की झडप मिटते आणि मी गप्प होतो. निदान व्हायला तरी हवं.

मला एका सुताराने आणि त्याच्या मेहुण्याने मिळून घडवलं. मेहुणा पत्र्याचं काम करायचा. दोघांचं एका गोष्टीवर एकमत होईल तर शपथ! सुतार म्हणायचा, "नळ्या लाकडाच्याच हव्यात, त्यांचा आवाज कसा मऊ येतो." मेहुणा म्हणायचा, "मऊ आवाजाला लोक झोपतील दाजी, धातूच्याच करू." शेवटी सुताराची बायको वैतागली. "दोन्ही करा आणि जेवायला चला," असं तिने सांगितलं. म्हणून मला दोन रांगा लाकडी नळ्यांच्या मिळाल्या आणि दोन धातूच्या. प्रत्येक रांगेची एक खुंटी आहे. खुंटी बाहेर ओढली, की त्या रांगेला वारा मिळतो. आत ढकलली, की ती रांग मुकी. सगळ्यात वरची रांग इवल्या धातूच्या नळ्यांची आहे. त्यातली शेवटची नळी तुमच्या करंगळीएवढी असेल. तिचा आवाज मात्र सुईसारखा टोकदार. मेहुण्याचा तिच्यावर फार जीव होता.

एका गायन मंडळाच्या सभागृहात मला उभं केलं. पुष्कळ वर्षं मी तिथे वाजलो. लोक माझ्या चकाकणाऱ्या नळ्यांकडे बोट दाखवायचे, तेव्हा मी फुगून जायचो. मग मंडळातली म्हातारी माणसं एकेक करून गेली, तरुण आली नाहीत, आणि सभागृहाला कुलूप लागलं. पुढे शेजारच्या छापखान्याने ती जागा कागद ठेवायला घेतली. माझ्यापुढे कागदाच्या गठ्ठ्यांची भिंत उभी राहिली. उंदरांनी माझ्या भात्याचं चामडं कुरतडलं. त्या दिवसांत मला सगळ्यात जास्त काय छळत असे, सांगू? शेजारी दिवसभर छपाईची यंत्रं धडधडत, त्या हादऱ्याने माझ्या नळ्या थरथरत, पण वाऱ्यावाचून मला एक शब्द बोलता येत नसे.

त्याच छापखान्यात यंत्रावर काम करणारा एक माणूस कागद न्यायला यायचा. एके दिवशी गठ्ठा हलवताना त्याला माझ्या पट्ट्या दिसल्या. त्याने एक दाबून पाहिली. आवाज आला नाही, तर त्याने वाकून आत पाहिलं आणि म्हणाला, "अरेरे, तुझी तर फुप्फुसंच खाल्लीत की!" दुसऱ्या दिवशी तो चामड्याचे तुकडे आणि सरस घेऊन हजर. जेवणाच्या सुट्टीत पाच मिनिटांत डबा संपवायचा आणि उरलेला वेळ माझ्या भात्याला ठिगळं लावायचा. भात्यात वारा टिकू लागला, तेव्हा तो मला वाजवायला शिकला. मंडळाच्या कपाटात तीनशे वर्षांपूर्वीच्या गाण्यांच्या वह्या धूळ खात पडल्या होत्या. लांबलचक, वळणावळणाची गाणी. एक आवाज गाणार आणि ऑर्गन खालून त्याला हात देणार. तो एकेक स्वर लावत ती वाचायला शिकला.

खिडकीतून आवाज बाहेर जाऊ लागला. रस्त्यापलीकडच्या कचेऱ्यांतली माणसं आपापले डबे घेऊन दारात उभी राहू लागली. पुढे छापखाना बंद पडला, सभागृह वाचनालयाकडे गेलं, हा माणूस निवृत्त झाला. पण त्याने दर बुधवारी दुपारचा एक ते पावणेदोन एवढा वेळ मागून घेतला. आता सगळे त्याला आजोबा म्हणतात. मीही म्हणतो, वयाने मी कितीतरी मोठा असलो तरी.

गाणारं मात्र कुणी नव्हतं. मग आजोबांच्या मुलाचं लग्न झालं. मुलगा जहाजावर असतो, आठ-आठ महिने घरी नसतो. सूनबाई जवळच्या दवाखान्यात परिचारिका आहेत. एकदा कपडे वाळत घालताना त्या गुणगुणत होत्या. आजोबांनी विचारलं, "तुझा आवाज कुठवर चढतो गं?" त्या म्हणाल्या, "तुम्ही साथ द्याल तिथवर, बाबा." झालं. पुढच्या बुधवारी त्या पांढऱ्या गणवेशातच माझ्या शेजारी उभ्या होत्या. गेली सहा वर्षं त्या तशाच येतात, एकला पाच कमी असताना धापा टाकत, आणि दोनच्या आत परत पळतात.

आता माझ्या बेचैनीचं खरं कारण सांगतो. दोनेक वर्षांपासून मला आजोबांमध्ये काहीतरी बदलल्यासारखं वाटत होतं. ते माझ्या वरच्या रांगेची खुंटी जास्त जास्त ओढू लागले होते. जिथे नको तिथेही. "आवाज फिका वाटतोय," असं स्वतःशीच पुटपुटायचे. सूर जुळवणाऱ्या बाई दर सहा महिन्यांनी येतात. त्यांनी एकदा त्या करंगळीएवढ्या नळीचा सूर जुळवला आणि पट्टीकडे हात नेत विचारलं, "आजोबा, हा बरोबर वाटतो का?" आजोबा लगेच म्हणाले, "अगदी बरोबर!" बाईंनी तोवर पट्टी दाबलीच नव्हती. बाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, पण वडीलधाऱ्या माणसाला कसं विचारायचं, म्हणून त्या गप्प बसल्या. आणि मी? मला बोलता येतं ते दुसऱ्याने पट्टी दाबल्यावरच.

मग तो बुधवार आला. त्याआधीच्या आठवड्यात सभागृहाचं छत रंगवलं होतं. रंगाऱ्यांनी जुना रंग खरवडला, खुर्च्या झाकल्या, टेबलं झाकली. मला झाकायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. रंगाचा एक वाळका पोपडा माझ्या आत पडला आणि नेमका त्या करंगळीएवढ्या नळीच्या झडपेत जाऊन बसला. मला तो डोळ्यातल्या कुसळासारखा खुपत होता. एक वाजत आला. माणसं येऊन बसली. वकिलांचे कारकून, टपाल वाटणाऱ्या बाई, औषधांच्या दुकानातली मुलगी, पुढच्या रांगेत नेहमीच्या टंकलेखिका बाई. डबे मांडीवर, कुणाचा घास अजून तोंडात. सूनबाई पळत आल्या. पंखा सुरू झाला, वारा भरला, आणि मी मनात घोकत राहिलो की आज ती झडप उघडू नका, तेवढी एक उघडू नका.

पहिल्याच गाण्याच्या शेवटी आजोबांनी ती पट्टी दाबली. बोट उचललं. झडप मिटलीच नाही.

गाणं संपलं. सूनबाईंचा आवाज थांबला. आजोबांनी दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले आणि नेहमीसारखे डोळे मिटून टाळ्यांची वाट पाहू लागले. आणि मी वाजतच होतो. एकच बारीक, टोकदार सूर, शिट्टीसारखा, सभागृहाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. लोकांना वाटलं, गाणं अजून चालू आहे. कुणीच टाळी वाजवली नाही. मी जीव एकवटून ती झडप ओढायला पाहत होतो, पण पोपडा हलेना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आजोबांनी डोळे उघडले. वळून पाहिलं. टंकलेखिका बाईंनी कानांवर हात ठेवले होते. टपालवाल्या बाई कपाळाला आठ्या घालून छताकडे बघत होत्या. आजोबांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण आता ते कुठे ठेवावं हे त्यांना कळेना.

"बाबा," सूनबाई हळूच म्हणाल्या, "सूर अडकलाय."

"काय?"

"वरचा सूर. वाजतोय अजून."

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं, मग सूनबाईंकडे. "कुठे?" ते म्हणाले.

त्या एका शब्दाने सूनबाईंना सगळं समजलं. त्यांचा चेहरा उतरलेला मी पाहिला. पण दवाखान्यात काम करणाऱ्या माणसाचा हात घाबरत नाही. त्या दोन पावलं पुढे आल्या आणि त्यांनी वरच्या रांगेची खुंटी आत ढकलली. मी गप्प झालो. सभागृहात शांतता पसरली आणि लगेच टाळ्यांचा कडकडाट झाला.

आजोबांनी खुंटीकडे बोट दाखवलं. "ही का बंद केलीस?"

"नंतर सांगते. पुढची गाणी नुसत्या लाकडी नळ्यांवर घ्या."

"फिकी होतील गं."

"होऊ देत. माझ्यासाठी घ्या ना, बाबा."

त्यांनी घेतली. सुताराच्या त्या मऊ आवाजाच्या नळ्यांवर त्यांनी अर्धा तास साथ दिली. त्यातला प्रत्येक स्वर त्यांना ऐकू येत होता, हे मला त्यांच्या बोटांवरून कळत होतं. तरी बोटं थंड पडली होती.

लोक गेले. दोनला दहा कमी होते. आजोबा उठले नाहीत. "सगळ्यांसमोर माझं हसं केलंस," ते म्हणाले. "मला सगळं ऐकू येतं."

"मग परवा दारावरची बेल वाजवून वाजवून मी मागच्या दाराने आले, तेव्हा?"

"डुलकी लागली होती."

"बाबा, तुम्ही तेव्हा उभे राहून चहा गाळत होतात."

सूनबाईंनी खुंटी पुन्हा बाहेर ओढली. मित्रांनो, मला तेव्हा वाजायचं नव्हतं. पण वारा आला, आणि तो सूर पुन्हा सुरू झाला. त्यांनी आजोबांचं बोट धरलं आणि त्या इवल्या नळीच्या तोंडाशी नेलं. वाऱ्याची बारीक धार त्यांच्या बोटाला लागली.

"वारा येतोय," आजोबा म्हणाले. मग बोट आणखी जवळ नेऊन त्यांनी विचारलं, "वाजतंय?"

"वाजतंय, बाबा. केव्हाचं."

त्यांनी बोट तिथून काढलं नाही. तीस वर्षं छपाईच्या यंत्रांशेजारी उभं राहून वरचे सूर त्यांच्या कानांतून एकेक करून निघून गेले होते, जाताना दार न वाजवता. "दिवसभर परक्यांच्या तब्येती तपासते मी," सूनबाई म्हणाल्या, "आणि घरात माझं लक्ष नव्हतं."

"तुझा काय दोष? मीच लपवलं," आजोबा म्हणाले. "कळलं, तर लोक मला इथे बसू देणार नाहीत असं वाटायचं." मग त्यांनी स्वतः पंखा बंद केला, माझं झाकण लावलं आणि ते निघून गेले.

त्यानंतर तीन बुधवार ते आले नाहीत. लोक डबे घेऊन यायचे, दारावरची 'आज गाणं नाही' ही चिठ्ठी वाचायचे आणि परत जायचे. मी कागदाच्या गठ्ठ्यांमागे वर्षानुवर्षं काढली होती, पण हे तीन आठवडे निघता निघेनात. सूर जुळवणाऱ्या बाई आल्या, त्यांनी चिमट्याने पोपडा काढला. मी बरा झालो. पण कुणासाठी? वाचनालयाचे प्रमुख एकदा माझ्यापुढे उभे राहून फोनवर म्हणाले, "कपाटं ठेवायला जागा होईल इथे." ती रात्र मी कशी काढली, ते माझं मला ठाऊक.

चौथ्या बुधवारी दार उघडलं. पुढे सूनबाई, मागे आजोबा, आणि आजोबांच्या दोन्ही कानांत छोटी यंत्रं. माझ्यापुढे बसताना ती यंत्रं त्यांनी काढून खिशात ठेवली. "बोलणं ऐकायला बरी आहेत," ते सूनबाईंना म्हणाले, "पण गाण्याचा पार चिवडा करतात." मग ते लोकांकडे वळले. इतक्या वर्षांत ते कधी लोकांशी बोलले नव्हते.

"मंडळी, मला वरचे सूर ऐकू येत नाहीत," ते म्हणाले. "म्हणून ती रांग कधी वापरायची, ते सूनबाई वहीत लिहून देणार आणि मी फक्त वाचणार. तरी काही अडकलं, तर लाजू नका, हात वर करा."

टंकलेखिका बाई म्हणाल्या, "आणि तुम्ही चुकलात तर?"

"तर दोन्ही हात वर करा!"

सगळे हसले. वाचनालयाचे प्रमुख दारात उभे होते, तेही हसले आणि मागच्या खुर्चीवर बसले.

त्या दिवशी त्यांनी एक संथ गाणं घेतलं. खाली मी त्याच त्या पाच स्वरांनी पुन्हा पुन्हा पायऱ्या उतरत होतो आणि वर सूनबाई चढत होत्या. शेवटच्या ओळीला वहीत खूण होती. आजोबांनी वरची खुंटी ओढली. स्वतःला ऐकू न येणारा सूर त्यांनी इतक्या हलक्या हाताने लावला, की माझ्याच अंगावर काटा आला. मग बोट उचललं आणि डोळे न मिटता सूनबाईंकडे पाहिलं. त्यांनी एक श्वास वाट पाहिली, कान दिला आणि होकारार्थी मान हलवली. सूर थांबला होता. आजोबांनी हात मांडीवर ठेवले.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वाद्याजवळ छत रंगवायचं असेल, तर एक चादर टाका, एवढं मागणं आहे. आणि तुमच्या घरात कुणी हल्ली सगळ्यालाच 'हो हो' म्हणत असेल, न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देत असेल, तर त्यांना हसू नका आणि माझ्यासारखं मनातल्या मनात तळमळतही बसू नका. मला तोंड असून बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं. जवळ जाऊन, हात धरून विचारा.