दोन पाळ्यांत बसत नाई

कैलास हे लिहिणारच नव्हता. घरातली गोष्ट चारचौघांत काऊन सांगायची, म्हणून राहूनच गेलतं. पण त्याचा दोस्त सचिन मागं लागला, "लिही बे, मस्त झालतं ते!"

पवनारच्या त्यांच्या शिवारातली डीपी, म्हणजे साऱ्या मोटरींले वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, यंदा दोनदा जळली. हरभरा फुलावर, विहिरीत पाणी, अन् वावर कोरडं. कारण साऱ्यांच्या मोटरी एकदमच चालू. यूट्यूब पाहूपाहू प्रोग्रामिंग शिकलेला कैलास म्हणाला, "मोटरींच्या पाळ्या मी लावून देतो."

एक पाळी म्हणजे त्यानं एक संच धरला. कोणती मोटर कोणत्या संचात, हे मशीनले सांगायचंच नाई. फक्त अटी सांगायच्या. एक मोटर एकाच संचात. एकही सुटायची नाई. शेजारचे तानबाकाका अन् नत्थू, यांची विहीर एकच, म्हणून ते दोघं एका संचात नाई. संचातल्या मोटरींची बेरीज डीपीले झेपली पाहिजे. मग जे जमत नाई ते मशीन छाटत जाते, उरते ते उत्तर. दोन पाळ्या निघाल्या. गावानं मानल्या.

अन् पहिल्याच पाळीत डीपीतून धूर! वायरमननं धावत फ्यूज काढला म्हणून वाचली.

"काय बे कैलास," तानबाकाका म्हणाले, "तुह्या कॉम्प्युटरनं बी तारेवर आकडा टाकला काय?"

सारे हसले. कैलासनं एकेक अट पुन्हा तपासली. चूक सापडेना. म्हणजे माहितीच खोटी असन. साऱ्यांनी मोटर तीन एचपीची सांगितलती, अन् बिल तर एचपीवरच येते. तो आपल्याच विहिरीवर गेला, मोटरीच्या पाटीवरचा चिखल अंगठ्यानं पुसला. पाच! बापानं, अण्णाजीनं, मोटर कधी बदलली, त्याले पत्ताच नव्हता.

तीनाचे पाच केले. मशीननं सरळ सांगितलं, दोन पाळ्यांत बसत नाई.

पारावर सारे जमले तवा तो उभा राह्यला.

"आमची मोटर पाचची आहे. तीन सांगितलती."

अण्णाजीनं पोराकडं पाह्यलं, टोपी सारखी केली.

"खरं आहे. पोरगं खोटं मांडत नाई."

तानबाकाका खाकरले. "मंग... माही बी पाचच मांड."

"माही साडेसातची," नत्थू म्हणाला, अन् सारा पार हसला.

खऱ्या आकड्यांच्या तीन पाळ्या बसल्या. डीपी टिकली, हरभऱ्याचे घाटे भरले. अण्णाजी आता बस स्टॉपवर ओळख नसलेल्यालेही सांगते, "पाळ्या आमच्या कैलासनं लावल्या."

सचिन म्हणजे तानबाकाकांचा पोरगा. परवा त्यानं इचारलं, "पुढच्या साली माह्या बानं अजून मोठी मोटर बसवली तर?"

"पाटी पुसाले मी येईन," कैलास म्हणाला. "पण पहिले आमच्याच विहिरीवर जाईन. शब्द देतो तुले."